भुवयांना कुलूप नसतं

माझ्या तोंडाबद्दल इनालाहान गावात कुणी चांगलं बोलत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तोंड माझं आहे. हवं तेव्हा उघडते, हवं तेव्हा मिटते. मेलेल्या नवऱ्याची, जिवंत भावाची आणि दोन पाद्रीबाबांची गुपितं त्यात पडून आहेत, अजून एकही बाहेर सांडलेलं नाही. म्हणून त्या शनिवारी सकाळी माझा नातू कीन मागच्या स्वयंपाकघरात येऊन उकिडवा बसला आणि "आजी, कुणाला सांगू नकोस," म्हणाला, तेव्हा मी खवत होते त्या नारळावरची नजरसुद्धा उचलली नाही.

"चिझुरुला दिवस गेलेत, हेच ना?"

त्याचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. "तुला कोणी सांगितलं?"

"माशाच्या वासानं पोरगी जेवणावरून उठून अंगणात पळते. नाक्यावरच्या दुकानात रोज कैरीचं लोणचं मागते. गावातल्या कुत्र्यांना ठाऊक झालंय, कीन. तिच्या आईबापाला सांगितलंत?"

"तिथंच तर अडलंय."

चिझुरु जपानची. तुमोनच्या एका हॉटेलात पाहुण्यांना खोल्या द्यायचं काम करते, आणि कीन त्याच हॉटेलातल्या पाहुण्यांची गाडी चालवतो. पोरगी चांगली आहे. पहिल्यांदा घरी आली तेव्हा न सांगता गुडघे टेकून माझा हात नाकाला लावला, आमच्या रिवाजाप्रमाणे, आणि मग परसात जाऊन भांडी घासली. वाईट घासली, पण घासली. आता तिचे आईबाप आमचं घर बघायला आले होते, आणि त्याच दिवशी दुपारी आम्ही मागणी घालणार होतो. आमच्यात पोरीला मागायला मुलाकडच्यांनी जायचं असतं, भरल्या ताटांनिशी, आणि बोलायचं असतं घरातल्या थोरल्या मामानं. त्यांचं घर समुद्रापार, म्हणून ताटं आमच्याच ओसरीवर मांडायचं ठरलं होतं. कीनची आई, माझी लेक, फौजेत आहे आणि तिकडे टेक्सासात असते. तिला भाऊ नाही, म्हणून बोलणारा मामाही माझ्याच पिढीतला होता. माझा थोरला भाऊ गोयो.

"मग सांगून टाका की," मी म्हणाले. "पोर लपवायची वस्तू आहे का?"

"आजी, ऐक. तिच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं. आधी दिवस गेले, मग लग्न ठरलं. बाप लग्नाला गेला नाही. दोन वर्षं झाली, तिच्याशी बोलत नाही. आता हिचं कळलं तर तो आजच्या विमानानं परत जाईल, आणि हिला आईबाप उरणार नाहीत." त्यानं खवलेल्या नारळाची चिमूट तोंडात टाकली, लहानपणी टाकायचा तशी. "आधी मागणी होऊ दे. त्यांना हो म्हणू दे. मग आम्ही सांगू."

मला ते आवडलं नाही. मागणी म्हणजे काय बाजारातली पपई आहे, की सडका भाग खाली ठेवून विकायची? आम्ही पोरीच्या अडचणीवर पाय देऊन सून आणणारी माणसं नाही. आमच्या घरानं आजवर सुना मागून आणल्या, डोळ्यांत डोळे घालून. पण पोराच्या डोळ्याखाली काळं आलं होतं. चार दिवसांत झोपला नव्हता.

"बरं," मी म्हणाले. "माझं तोंड बंद."

"अजून एक आहे," तो म्हणाला. "मागणीच्या आधी तिच्या वडिलांना बंदूक चालवायचीय."

त्यात नवल नव्हतं. तुमोनला जी जपानी माणसं येतात ती उन्हात भाजून घेतात, ताटाएवढं मांस खातात आणि बंद खोलीत जाऊन कागदावर गोळ्या झाडतात. त्यांच्या देशात साध्या माणसाला बंदूक हातात मिळत नाही म्हणे. माझ्या बहिणीचा नातू मॅनी तसल्याच एका गोळीबाराच्या दुकानात काम करतो. पण व्याह्यांनी चौघांचं एकत्र ठरवून ठेवलं होतं. स्वतः, बायको, मुलगी आणि कीन. मुलीबरोबर बंदूक घेऊन फोटो काढायचा होता त्यांना.

"तिला आत जाता येत नाही, आजी. दारातच चित्र लावलंय, पोटुश्या बाईवर काट मारलेली. आवाज वाईट, धूर वाईट."

"मग डोकं दुखतं म्हणावं."

"आई लगेच कपाळाला हात लावेल. मग दवाखाना. मग संपलंच."

मी नारळाची वाटी बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसतात तसे झग्याला पुसले. "भात शेजारच्या मारीला बघायला सांग. मी येते तुमच्याबरोबर."

"तू? तू त्या जागेला सैतानाचं पोट म्हणतेस."

"म्हणूनच. तिथं नवीन पोट नको जायला."

*

गाडीत व्याही पुढे बसले होते. कुवाबारा त्यांचं आडनाव. तिकडे कुठल्याशा लहान गावात चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. माणूस उंचीनं बारका, नीटनेटका, खिशात मऊ फडकं. आमच्या घरी आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, पुसला, कानाशी वाकवला आणि परत घातला. वीस वर्षांत मला इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी त्यांना थोडी घाबरून होते. ज्याला इतकं बारीक दिसतं त्याच्यापासून पोट कसं लपवायचं?

पण त्यांना दिसत नव्हतं. त्यांना आमच्या भुवयांचं वेड लागलं होतं. आमच्या बेटावर 'हो' म्हणायला तोंड लागत नाही, भुवया जरा वर गेल्या की हो झालं. कीननं त्यांना हे शिकवलं, आणि तेव्हापासून माणूस थांबेना. "ऊन आहे?" भुवया. "भूक लागली?" भुवया. त्यांचा चष्मा त्यांच्याबरोबर वर जायचा आणि नाकावर परत पडायचा.

"तुमच्या नातवानं यांना नादी लावलं," मागून त्यांची बायको म्हणाली, आणि चिझुरुनं ते मला सांगितलं. हिसाए तिचं नाव. तीन दिवसांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य. ती बोलत नव्हती, बघत होती. चिझुरुनं पाण्याची बाटली उघडली की बघायची. चिझुरुनं खिडकीची काच खाली केली की बघायची. मी मध्ये बसले, माझं अंग काही लहान नाही, आणि दोघींच्या मध्ये मी भिंतीसारखी झाले.

दुकानाच्या दारात गुराख्याची टोपी घातलेला लाकडी माणूस उभा होता. मी आत शिरण्याआधी थांबले आणि पुटपुटले. जुन्या जागेत पाऊल टाकायचं तर आधी पूर्वजांना विचारावं लागतं, मग तिथं झाड असो की दुकान. हॉटेलांच्या खाली त्यांचीच हाडं आहेत. कीनही माझ्यामागे पुटपुटला. त्या दिवशी मी त्यांना जास्तीचं एक मागितलं. पोटुश्या परक्या बाईचा वास त्यांना लगेच लागतो, म्हणून पोरीचा वास घेऊ नका, म्हटलं. तिला आमची समजा.

काउंटरवर एक फिलिपिनी बाई होती, ओठ रंगवलेली, हसतमुख. तिच्या मागे ते चित्र. लाल गोल, त्यात पोट पुढे आलेली बाई आणि तिच्यावर आडवी काट. मला अक्षरं फार येत नाहीत, पण त्या चित्राला अक्षरं लागत नव्हती. बाईनं जपानीत सगळ्यांना एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. व्याह्यांना विचारलं, ते भुवया उडवून हसले. मग तिनं हिसाएला विचारलं. मग ती चिझुरुकडे वळली.

पोरगी पांढरी पडली. हिसाएनं मान वळवली.

मी काउंटरवर हात आपटला. "बाई, हिला नका विचारू. हिच्या जागी मी जाणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 

"तुम्ही, आजीबाई?" काउंटरवाली म्हणाली. "तुमचं वय?"

"वय विचारायला बसलीस की बंदुका द्यायला? मी या बेटावर जन्मले, सत्तर वर्षं झाली, आणि बाहेरची माणसं येऊन माझ्या बेटावर बंदूक उडवतात. मी काय फक्त भात रांधू? कीन, सांग त्यांना. म्हण, आजीची फार दिवसांची इच्छा आहे. पोरगी बाहेर बसेल, माझी पिशवी सांभाळेल. माझ्या पिशवीत सुपारी आहे, मी ती कुणाच्या हातात देत नाही."

कीननं सांगितलं. व्याह्यांचं तोंड जरा पडलं, मुलीबरोबरचा फोटो गेला म्हणून. पण म्हातारीची इच्छा म्हटल्यावर काय करतील? चिझुरुनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. तेही नको होतं. मी डोळ्यांनी सांगितलं, खाली धर. तिनं खाली धरली.

एवढ्यात आतून मॅनी आला. कानावरचं झाकण गळ्यात, अंगावर जाड बंडी. आला तसा माझ्यापुढे वाकला आणि माझा हात नाकाला लावला. चांगल्या घरचा आहे.

"आजी, तू इथं! आई म्हणत होती की लवकरच पाळणा..."

मी त्याच्या दंडाचं मांस चिमटीत धरलं आणि पिळलं. हसत हसत. "पाळीव कुत्रा," मी आमच्या भाषेत म्हणाले. "तुझ्या आईला पाळीव कुत्रा हवाय ना? सांग तिला, मिळेल. तू मात्र आज भुंकायचं नाहीस. एक शब्द नाही, मॅनी. जपानीत तर नाहीच."

त्यानं चिझुरुकडे पाहिलं, तिच्या आईबापाकडे पाहिलं, आणि दंड चोळत मान डोलावली. पण आता उशीर झाला होता. इनालाहानला कळलं, तुमोनला कळलं. ज्यांना कळायला नको होतं ते दोघं काउंटरवरच्या बाईनं दिलेलं झाकण कानाला लावून माझ्यासमोर उभे होते, एवढंच काय ते राहिलं होतं.

*

आत गार होतं आणि जळल्याचा वास होता, फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येतो तसा. लांबट खोली, तिचे पट्टे पाडलेले. प्रत्येकाच्या समोर तारेवर टांगलेला गोलागोलांचा कागद. मागे जाड काच, काचेपलीकडे आणखी एक दार, आणि त्याच्याही पलीकडे बाकावर चिझुरु, माझी पिशवी मांडीवर घेऊन. मी मॅनीला सांगून तिच्याही कानाला झाकण लावलं होतं. म्हटलं, पोरगी आवाजाला भिते.

एका पट्ट्यात व्याही, शेजारी मी, माझ्या पलीकडे हिसाए. कीन मागे फोटो काढायला.

मॅनीनं व्याह्यांना बंदूक दिली. लहानशी होती. आणि मला ते आठवलं, ज्याचा मी सकाळपासून विचार केला नव्हता.

लढाईत जपान्यांनी बेट घेतलं तेव्हा माझ्या आईनं जपानी माणसाच्या हातात बंदूक पाहिली होती. गोयो तेव्हा तिच्या पाठीवर होता, मी जन्मले नव्हते. ती कधी काही सांगत नसे. फक्त रस्त्यात एखाद्या गाडीचा फटकन आवाज झाला की ती आधी आमच्या तोंडावर हात ठेवायची. कानावर नव्हे, तोंडावर. मी म्हातारी झाले तेव्हा मला कळलं की ते का. आणि आज दुपारी गोयोच या माणसासमोर उभा राहून त्याची मुलगी मागणार होता. गोयो म्हणाला होता, मी बोलेन, पण तो एक शब्द वाकडा बोलला तर मी उठेन, आणि माझ्याबरोबर सगळे उठतील.

मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांचे हात थरथरत होते. चष्म्याचा बारीक स्क्रू न चुकता फिरवणारे ते हात, आणि बंदुकीचं टोक पावसातल्या पानासारखं हलत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली, आणि मला बरं वाटलं. देवा, मला क्षमा कर, पण फार बरं वाटलं.

आवाज कानाच्या झाकणातूनही दातांत उतरला. त्यांचा कागद हलला नाही. पुन्हा उडवली. पुन्हा नाही. मॅनीनं त्यांचा खांदा दाबला, कोपर सरळ केलं. कोपऱ्यात एक भोक पडलं, कागदाच्या अगदी काठाला. व्याही वळून हसले.

मग माझी पाळी. मॅनी माझ्या मागे उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या श्वासाचा माझ्या मानेला वारा लागत होता. त्यानं बोटानं दाखवलं, इथून बघ, इथं दाब. मी बघितलं. चष्मा स्वच्छ होता, गोल स्वच्छ दिसत होता. पण दाबायच्या वेळी मला वाटलं की मागे दार उघडलं, पोरगी आत येतेय. माझं अंग जरासं वळलं. बंदूक माझ्या हातात उडी मारून उठली.

गोळी माझ्या कागदाला लागली नाही. ती शेजारच्या कागदाला लागली. व्याह्यांच्या. बरोब्बर मधल्या काळ्या ठिपक्यात.

मॅनीनं माझं मनगट दोन्ही हातांनी पकडून खाली केलं, आणि त्याचा चेहरा खडूसारखा झाला. व्याही त्याच वेळी बंदूक खाली ठेवत होते. त्याच क्षणी त्यांनीही एक उडवली होती. ते कागदाकडे बघायला लागले, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांना वाटलं, त्यांची.

दार उघडलेलं नव्हतं. पोरगी बाकावरच होती. मी मागे सरकले.  मॅनीनं मला भिंतीशी बसवलं आणि बोटानं दटावलं, आता उठायचं नाही. त्याला ते बोट दाखवायची हौस फार. मी एरवी ते मोडलं असतं.

हिसाएनं तिची बंदूक उचललीच नव्हती. ती काचेतून मागे बघत होती. बाकावर पोरगी बसली होती, आणि आम्ही सगळे पाठमोरे आहोत असं समजून तिनं माझी पिशवी बाजूला ठेवली होती. दोन्ही हात पोटावर ठेवून, खाली बघून, ती काहीतरी बोलत होती. ओठ हलत होते. पोटातल्याशी.

हिसाए माझ्याकडे वळली. कानाला झाकण, बोलून उपयोग नव्हता. तिनं तिचा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. मग त्याच हातानं काचेकडे दाखवलं. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी तोंड घट्ट मिटलेलं होतं. ओठ दाताखाली होते. नाही म्हणायला मान हलवायची, एवढंच करायचं होतं मला. पण सत्तर वर्षं मी या बेटावर राहिले. माझ्या आईनं मला विचारलं, जेवलीस का, तेव्हापासून माझ्या तोंडाआधी दुसरंच काहीतरी उत्तर देतं. माझ्या भुवया वर गेल्या.

मला त्या जाताना कळल्या. थांबवता आल्या नाहीत. हिसाएनं त्या पाहिल्या. तिच्या नवऱ्यानं तीन दिवस दुसरं काही केलंच नव्हतं, तिला अर्थ चांगला ठाऊक होता.

तिनं कानावरचं झाकण काढलं, टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली. मुलीकडे नाही. सरळ न्हाणीघराकडे.

*

परतीच्या वाटेवर माझ्या तोंडात सुपारी होती आणि तिला चव नव्हती. व्याही पुढे बसून गुंडाळलेला कागद उघडत होते, मधल्या भोकातून समुद्र बघत होते, कीनला दाखवत होते. त्याला एक हात चाकावर ठेवून त्यातून बघावं लागत होतं.

"गाडी उलटवून मारशील आम्हाला," मी म्हणाले.

मग हिसाए बोलली. हळू आवाजात, पुढे वाकून, नवऱ्याच्या मानेशी. फार वेळ बोलली. मला जपानी येत नाही. चिझुरुला येतं, पण पोरगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, थकलेली. मी तिला हलवून उठवू का, असं तीनतीनदा वाटलं. उठवून काय विचारू? तुझी आई बापाला काय सांगतेय? मग तीही जागीच मरेल. कीनकडे बघितलं, त्याच्या आरशात माझ्याकडे डोळे आले नाहीत. रस्त्यावर कोंबडं आडवं आलं होतं, त्याला शिव्या देत होता तो. इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नसावं.

मी व्याह्यांची मान बघत बसले. मान तांबडी होत गेली. उन्हानं भाजलेली होती ती आधीच, म्हणून कळेना की रागानं की उन्हानं. त्यांनी कागद गुंडाळला. त्याला रबर लावलं. मग घर येईपर्यंत भुवया एकदाही हलल्या नाहीत.

ओसरीवर ताटं मांडलेली होती. तांबडा भात, कोंबडीचं केलाग्वेन लिंबूनारळ लावलेलं, भाजलेला नीरफणस, अख्खं डुक्कर. मारीनं भात खाली लावला होता, पण ते बोलायची वेळ नव्हती. गोयो पांढरा सदरा घालून खुर्चीत बसला होता, काठी गुडघ्यांत. त्याच्या मागे आमची माणसं. मी त्याच्या शेजारी बसताना तो म्हणाला, "तोंड असं का झालंय तुझं? गोळी लागली?"

"थोडक्यात वाचले," मी म्हणाले.

"पाहुण्याला काय झालं? सकाळी वानरासारखा भुवया उडवत होता."

"गप बस, आणि नीट बोल."

गोयो उठला. त्याचं बोलणं मी काय सांगू, आमच्यात ते शब्द ठरलेले असतात, फूल आणि झाड आणि सावली. पण त्यानं मध्येच काठी टेकली आणि ठरलेलं सोडून बोलला. "मी तुमच्या माणसांना माझ्या आईच्या पाठीवरून पहिल्यांदा पाहिलं," तो म्हणाला. "मला आठवत नाही, पण माझ्या आईला आठवायचं. आज मी माझ्या पायावर उभा राहून तुम्हाला काही मागतोय. ते मला सोपं नाही. पण पोरगी सोन्यासारखी आहे, म्हणून मागतो." कीननं जपानीत सांगितलं, त्याचा आवाज दोनदा फाटला. मग गोयोनं तारीख सांगितली. चाळीस दिवसांचे उपास सुरू होण्याआधी लग्न व्हावं, कारण उपासात देवळात लग्न लागत नाही.

व्याही उठले. वाकले. आणि माझ्याकडे वळून विचारलं. गोयोला नाही, मला.

कीननं सांगितलं. "आजी, ते विचारतायत... एवढी घाई का? त्यांच्याकडे वर्षभर आधी ठरवतात. काही कारण आहे का, विचारतायत."

 चिझुरु बापाच्या मागे बसली होती, ती जमिनीकडे बघायला लागली. गोयोची काठी गुडघ्यांतून सरळ झाली. तो उठायच्या बेतात होता, त्याला ते वाकडं वाटलं. कीन माझ्याकडे असा बघत होता, जसा लहान असताना ताप आला की बघायचा.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हणायचं होतं, गोयो म्हातारा आहे, पुढच्या वर्षी असेल नसेल. तोंड उघडणारच होते. आणि मला माझं कपाळ जाणवलं. आपोआप माझा हात वर गेला, मी कपाळ झाकलं, घाम पुसल्यासारखं. हाताखाली भुवया वळवळत होत्या, दोन सुरवंट असावेत तशा. झाकून ठेवलं असतं तर भागलं असतं.

पण हा माणूस माझ्या ओसरीत उभा होता. माझा भाऊ, जो सत्तर वर्षं त्याच्या देशाचं नाव घेत नव्हता, तो त्याच्यासमोर खरं बोलून बसला होता. मग मी कोण? मी खोटं बोलून सून आणणार?

मी कपाळावरचा हात काढला.

भुवया वर गेल्या. ओसरीवरच्या सगळ्यांना दिसल्या. कीननं डोळे मिटले.

व्याही माझ्या भुवयांकडे बघत राहिले. मग एकदम खाली बसले. चष्मा काढला, खिशातलं फडकं काढलं, आणि पुसायला लागले. पुसता पुसता बोलायला लागले. कीननं थांबत थांबत सांगितलं.

"ते म्हणतायत, चिझुरुच्या आईनं त्यांना गाडीत सांगितलं. ते म्हणतायत... थोरलीच्या वेळी सगळ्या गावाला ठाऊक होतं. मासळीवालीला ठाऊक होतं. दुकानात येणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघून हसायची, आणि त्यांना कळायचं नाही की का हसतात. ते म्हणतायत, दिवस गेले म्हणून मी रागावलो नव्हतो. मला सर्वांत शेवटी सांगितलं, म्हणून रागावलो होतो. ते म्हणतायत, बंदुकीपाशी कानाला झाकण लावलंत ते ठीक. बाहेर आल्यावरही कुणी काढलं नाही. मी दुपारभर वाट पाहत होतो, की इथं कोणी एक तरी काढेल."

चिझुरु रडायला लागली. हिसाएनं तिच्याकडे बघितलं नाही, पण हात मागे नेला आणि तिचा गुडघा धरला.

"त्याला सांग," गोयो म्हणाला, "मलाही आत्ताच कळलं. मीही तिचा थोरला भाऊ आहे म्हणे." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या ईस्टरपर्यंत मला ते ऐकावं लागणार हे मला कळलं.

कीननं ते सांगितलं. व्याही हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा घातला आणि गोयोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या भुवया वर गेल्या, चष्म्यासकट, आणि चष्मा नाकावर परत पडला.

"हे हो आहे का?" गोयोनं मला विचारलं.

"तू या बेटावर जन्मलास ना?" मी म्हणाले. "वाढ भात. लागलाय, पण वाढ."

जेवताना व्याही माझ्या शेजारी येऊन बसले. केलाग्वेन दोनदा घेतलं, मिरची लागली, डोळ्यांतून पाणी आलं. मग रबर काढून तो कागद माझ्यासमोर उलगडला. मधल्या ठिपक्यातल्या भोकावर बोट ठेवलं. जपानीत काहीतरी विचारलं, आणि कीन पलीकडे होता, सांगायला कुणी नव्हतं. पण मला कळलं. माझी ना ही गोळी? चांगली लागली ना?

त्यांचा चेहरा उजळला होता. सबंध दिवसात त्यांना तेवढं एकच मिळालं होतं, जे सर्वांत आधी त्यांनी पाहिलं असं त्यांना वाटत होतं.

काम आटपून आलेला मॅनी समोर हाड चोखत बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी भुवया उडवल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोटं बोलल्या, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.